काकांना विचारा

"पोरी, इतकं सोपं करून लिहू नकोस. उद्या मला कुत्रं विचारणार नाही," ऑफिसातले सर्व्हर सांभाळणारे काका म्हणाले, तेव्हा त्यांच्या कामाची माहिती लिहून घेणारी ती हसली. "तुमच्याशिवाय इथलं पान तरी हलतं का?"

सर्व्हर कधी वाढवले, का वाढवले, हे कोणालाही काकांऐवजी परस्पर एआय एजंटला विचारता येईल असं टूल येणार होतं. त्यासाठी लागणारी माहिती ती काकांनाच खोदून खोदून विचारत लिहीत होती. टूल सुरू झालं आणि काका घरी बसले.

काल आपल्या बाळाला झोपवून तिने काकांच्या घरी फोन लावला. काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, "कसे आहात, असं नको गं विचारूस. कामाचं काहीतरी विचार, तेवढ्याने तरी दोन घास खातील."

काका फोनवर आले, पण तिला एकही प्रश्न सुचेना. सगळी उत्तरं तिनेच लिहून ठेवली होती.



तुमच्या ऑफिसातूनही असं कोणी घरी गेलं असेल, तर एक फोन करून बघा हो.