विजयाचं पिंप

“आज संघ हरला, तर ब्रॅनिगन घरी आणि मुख्य प्रशिक्षकाची जागा तुमची,” संघाच्या मालकीणबाईंनी सकाळीच सांगितलं होतं. मिनेसोटात, उणे वीस तापमानात, अमेरिकन फुटबॉलच्या बाद फेरीत सहाय्यक प्रशिक्षक केळुसकर स्वतःच्याच संघाच्या पराभवासाठी देव पाण्यात ठेवून उभा होता.

मेला संघ जिंकायला लागला.

मग त्याला प्रथा आठवली. जिंकलेल्या प्रशिक्षकाच्या डोक्यावर खेळाडू गार सरबताचं पिंप उपडं करतात.

“या थंडीत?” खेळाडू कचरले.

“प्रथा म्हणजे प्रथा!” म्हणत केळुसकरने स्वतः पिंपाला हात लावला.

ब्रॅनिगन जिंकला, भिजला, गारठला, न्यूमोनियाने इस्पितळात गेला.

जागा रिकामी.

जागा भरली.

पुढच्या रविवारी उणे पंचवीस. विजय दिसू लागल्यावर मुख्य प्रशिक्षक केळुसकरने मागे पाहिलं. नवा सहाय्यक पिंपावरचा बर्फ फोडत होता.

“अभिनंदन, साहेब! सकाळीच मालकीणबाईंशी बोलणं झालं.”

केळुसकर मैदानाकडे वळून मालवणीत ओरडला, “हरा रे मेल्यांनू, हरा!”

साहेबांनी जोश चढवला असं समजून पोरांनी आणखी एक टचडाऊन करून आघाडी वाढवली.