वडिलांचं नवं धुराडं

रॉसने वडिलांच्या जुन्या लाकूडवाहू ट्रकला टपाच्याही वर जाणारं नवं चकचकीत धुराडं बसवलं. मग उंची मोजली, आणि दहा मिनिटं तो ते बसवलंच नाही असं समजत बसला. शनिवारी वडिलांची शवपेटी गावच्या रिवाजाने त्यांच्याच ट्रकवरून दफनभूमीला निघायची होती. वाटेत छपराचा लाकडी पूल, दुसरा रस्ता बर्फाखाली, आणि धुराडं छपराहून चार इंच उंच. चाकांतली हवा सोडल्यावर दोन उरले. “आई, दोन इंच कापू?” “कापून बघ. म्हातारा तीस वर्षं ह्या धुराड्यासाठी झुरला. मी दरवेळी ‘पुढच्या वर्षी’ म्हणाले.” “मग पेटी शेजाऱ्यांच्या सरपणाच्या गाडीतून नेऊ?” “सरपण आहे का तो?” रॉसने रस्तेखात्याला अर्ज लिहायला घेतला: ‘मयतास घाई नाही, परंतु पाहुणे शनिवारी अकराला जमतील. तरी सदर पुलाचे छप्पर तेवढ्यापुरते दोन इंच वर धरण्यात यावे, ही विनंती.’