चाकावर नसलेला चेहरा

ग्रेसीबाय कॉमिकच्या तिसऱ्या चौकटीवर अडली. चष्मा कपाळावर ढकलून तिने कागद नाकाशी धरला. समोर एरॉलचा जीव टांगणीला. त्याच्या लेकीचं, डायनाचं, ग्रेसीबायच्या मुलाशी, जेसनशी लग्न ठरलं होतं, आणि आता ते मोडायला बाई पाचूबंदरहून उमेळ्याला आली असेल, तर हा कागद हेच त्याच्याकडचं एकमेव उत्तर होतं.

"ही मांजर कोन?" तिने विचारलं.

"मशीन. म्हणजे ते एआय," एरॉल म्हणाला. "मशीनचं चित्र नव्हतं, म्हणून मांजर घेतली."

आईशेजारी बसलेला जेसन हसला. चला, निदान हसला तरी.

झालं होतं असं. कुणीतरी डायनाच्या एका साध्या फोटोतून चेहरा उचलला, मशीनकडून उघड्यानागड्या अंगावर बसवला आणि मोबाइलवर सोडून दिला. कोणी केलं, पत्ता नाही. दोन दिवसांत गावभर बोंब. फोटो खोटा आहे म्हणून एरॉल घसा फोडून सांगायचा, तर लोक म्हणायचे, "हो का?" हे "हो का" फार वाईट. त्यापेक्षा तोंडावर शिव्या घातल्या असत्या तर बरं. डायना खोलीतून बाहेर यायची बंद झाली.

मग एरॉलला जुना कॉम्प्युटर आठवला. एके काळी त्याचं सायबर कॅफे होतं. तेव्हाचा एक चॅटचा प्रोग्राम त्यात अजून तग धरून होता. दोघांनी गप्पा मारल्या की त्याचं आपोआप कॉमिक व्हायचं. माणसं, बोलण्याचे फुगे, चौकटी, सगळं. नव्या एआयच्या ॲपने यापेक्षा छान चित्रं दोन मिनिटांत दिली असती, पण डायनाने दाराआडून बजावलं, "डॅडी, ज्याने माझी ही गत केली, त्याच्याकडून मला काही नको."

म्हणून एरॉल दोन्ही बाजूंनी एकटाच बोलत बसला. एकदा मुलगी होऊन, एकदा मांजर होऊन. त्या म्हाताऱ्या प्रोग्रामला देवनागरी कुठली यायला! मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावी लागली. चेहरे निवडायला एक चाक होतं. हसरा, रडका, चिडका, घाबरलेला, लाजरा. त्याने सगळे लावून पाहिले. आपल्या लेकीचा चेहरा काही त्या चाकावर सापडेना. शेवटी त्याने मधला, काहीच न बोलणारा चेहरा ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून रडला.

आता जेसन आईला एकेक फुगा वाचून दाखवत होता. मांजर चेहरा कसा उचलते, कुठे चिकटवते, मुलीला त्याचा पत्ताही कसा नसतो. ग्रेसीबाय मान डोलवत होती. शेवटच्या चौकटीला तिने डोळ्यांना पदर लावला.

"कललं रे बाबा सगला," ती म्हणाली. "फोटो खोटा. पोरीवर कसला बोल नाय. लग्न ठरल्या दिवशीच व्हनार."

एरॉलच्या छातीवरचा धोंडा उतरला. हसावं की रडावं त्याला कळेना. तो आत वळून ओरडला, "डायना, चहा आण गं!"

आणि खरंच, खोलीचं दार उघडलं. स्वयंपाकघरात कपांची किणकिण झाली. डायना केस विंचरून, ट्रे घेऊन बाहेर आली. पण ग्रेसीबायची तिच्याकडे पाठ होती. ती कागदाची नीट घडी घालत होती. तिच्या आवाजात माया होती, अगदी घरच्या माणसाची.

"पन एक सांग एरॉल, वसईत एवढ्या पोरी हायेत. त्या मशीनला हिचाच चेहरा कसा मिलाला?"