वरच्या उताराची कॉफी

"दोन्ही मांडायच्या," आप्पांनी सकाळीच सांगून टाकलं. "तुझी पलीकडची नवी आणि आपली वरची जुनी. पाहुण्यालाही फरक कळू दे."

सून हो म्हणाली आणि बिया भाजायला चुलीपाशी गेली.

शहरातून कॉफी पारखणारा माणूस दुपारी येणार होता. डोंगरातल्या बागा हिंडून तो वर्षाची कॉफी निवडायचा, आणि त्याने एखाद्या बागेचं नाव घेतलं की त्या बागेला मागे वळून पाहावं लागत नसे. तो तिच्या नव्या झाडांची कॉफी चाखायला येत होता. जुन्या झाडांची कुठून दाखवणार? ती झाडं आता नव्हतीच.

सात वर्षांपूर्वी तांबेरा आला. पानांच्या खालच्या अंगाला नारिंगी भुकटी धरली आणि महिन्याभरात वरचा अख्खा उतार उघडाबोडका झाला. ती झाडं सासूबाईंच्या हातची. पोर कडेवर घेऊन जावं तसं एकेक रोप त्यांनी वर नेलेलं. त्यांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि आप्पा कमरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले. नवरा दूर बंदरावर नोकरीला. त्याने फोनवर सांगितलं, आप्पांच्या कानावर घालू नकोस, ते हाय खातील. तिने गडी लावून झाडं उपटली, जाळली. धूर कसला म्हणून आप्पांनी विचारलं तेव्हा वाळलं गवत पेटवलंय असं सांगितलं. मग त्याच मातीत रोगाला दाद न देणारी रोपं लावली, आणि आप्पांना म्हणाली, पलीकडच्या उतारावर नवी लागवड केलीय.

पुढे आप्पा काठी टेकत घरातल्या घरात फिरू लागले. चढ चढणं मात्र कायमचं सुटलं. एकदा तिने भीतभीतच विचारलं होतं, खुर्चीत बसवून वर नेऊ का? ते म्हणाले, "कशाला? तू आहेस ना वर."

तेवढं निभावलं, पण रोजच्या कपाचं काय? आप्पांना वरचीच कॉफी लागायची, आणि त्यांची जीभ म्हणजे सोनाराचा काटा. शेवटी ती खिंडीपलीकडच्या काकूंकडे गेली. काकू म्हणजे सासूबाईंची जिवाभावाची मैत्रीण. त्यांची झाडंही त्याच रोपांतली, पण वाऱ्याच्या तोंडाशी असल्याने रोगातून वाचलेली. काकूंनी एका शब्दाने न विचारता पोतं भरून दिलं. नवी झाडं फळाला आली तशी देवाणघेवाणच ठरली. तिने आपली दोन लहान पोती काकूंच्या घरी पोचवायची आणि त्यांचं एक आणायचं. जुन्या झाडांचा मान तेवढा ठेवायलाच हवा, असं तीच म्हणाली होती.

नव्या झाडांवर तिने जीव ओतला. लालभडक पिकलेलंच फळ तोडायचं. टोपलीत एक हिरवं दिसलं तर अख्खी टोपली पुन्हा निवडायची. बिया धुऊन जाळीवर पातळ पसरायच्या, ऊन चढलं की झाकायच्या, कललं की उघडायच्या. तरीही दरवर्षी काकूंची आणि आपली शेजारी ठेवून चाखली की आपली एक पायरी खालीच वाटायची. आप्पांचं तर विचारूच नका. गेली तीन वर्षं तर वरच्या कॉफीचा पहिला घोट घेतला की ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "अशी तर तुझ्या सासूच्या हयातीतही नव्हती." ती खाली मान घालून रिकामा कप उचलायची. नवी कॉफी त्यांनी कधी तोंडाला लावली नाही. ती विकायला ठेव म्हणायचे, मला आपली वरची पुरे.

पारखी वेळेवर आला. किडकिडीत, अबोल माणूस. तिने दोन वाडगे समोर ठेवले. त्याने आधी वास घेतला, मग चमच्याने मोठा भुरका मारला. पाणी प्यायला. दुसरा वाडगा. पुन्हा पहिला. आप्पा हनुवटी काठीवर टेकवून त्याच्याकडे बघत होते.

"आधी मध, मग संत्र्याची साल, आणि शेवटी गूळ," तो म्हणाला. "फार दिवसांनी अशी प्यायलो. ही मी निवडली."

"कुठली?" तिने विचारलं.

तो हसला. "दोन्ही एकच आहेत की. परीक्षा घेताय माझी?"

तिचे कान तापले. भाजताना सरमिसळ झाली असेल, असं आप्पाच मध्ये म्हणाले आणि त्यांनी पाहुण्याशी यंदाच्या थंडीचा विषय काढला.

पाहुणा गेल्यावर तिने कोठीत जाऊन पाहिलं. दोन्ही पोती जिथल्या तिथे होती, नावाच्या चिठ्ठ्यांसकट. भाजलेले डबेही वेगवेगळे. ती तशीच चपला अडकवून खिंडीपलीकडे गेली. काकू अंगणात सुपात बिया निवडत होत्या.

"काकू, यंदाचं पोतं तुमच्याच झाडांचं होतं ना?"

काकूंचा हात थांबला नाही. "माझी झाडं कुठली राहिलीत आता? तीन वर्षं झाली, तांबेऱ्याने नेली. तू दोन पोती आणतेस, त्यातलं एक ठेवून घेते. दुसरं गोणपाट बदलून तुलाच परत देते."

ती पायरीवर बसली.

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगायलाच आले होते. तू बागेत होतीस, भावजी एकटेच घरी होते." काकूंनी एक खडा बाजूला टाकला. "ते म्हणाले, 'वहिनी, सूनबाईला काही बोलू नका, तिची कॉफी तिलाच देत जा. मी वरच्या उताराची मागतो ती तिचीच तर मागतो.'"