सही

"अगदीच आशा नाही?" रोलंड डेगलने दुसऱ्यांदा विचारलं.

शाळेच्या समुपदेशक मिसेस हॅस्केल यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याची मुलगी एलोडी हुशार आहे, कष्टाळू आहे, पण दहावीच्या वर्षातली केमिस्ट्रीतली डी श्रेणी आणि गणितातली सी काही पुसता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. तिने निवडलेलं कॉलेज शंभरातल्या आठ-दहा मुलांना घेतं. त्यात तिला अर्ज करायचा होता तो सगळ्यांच्या आधीचा, नोव्हेंबरातला. त्या अर्जासोबत शब्द द्यावा लागतो की तुम्ही घेतलंत तर आम्ही दुसरीकडे कुठेही जाणार नाही. मुलीने द्यावा लागतो, आणि घरातल्या मोठ्या माणसानेही.

"नुसते मार्क बघितले, तर मी तुला आशा लावणं बरं नाही, रोलंड."

रोलंडने खिशातलं पेन काढलं आणि तिथल्या तिथे सही केली.

त्या रात्री त्याला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. बायको गेल्याला पावणेदोन वर्षं झाली होती. जानीनच्या आजारपणाचा तो हिवाळा एलोडीनेच काढला होता. शाळेतून आली की ती आईच्या चादरी बदलायची, सूप भरवायची, आणि वही उघडून टेबलावरच झोपून जायची. रोलंड गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ उपसणारा ट्रक चालवायचा. वादळ आलं की दोन-दोन दिवस घरी येणं नाही. त्या डी आणि सीमध्ये आपलाही वाटा आहे, हे त्याला कळत होतं. आता त्याच अक्षरांनी मुलगी घरात राहणार होती, हेही कळत होतं. पहिल्या गोष्टीचा विचार तो फार वेळ करत नसे.

दुसऱ्या गोष्टीचा मात्र रोज करायचा. ते कॉलेज गाडीने नऊ तासांवर होतं. नकार आला की एलोडी पलीकडच्या गावातल्या सरकारी कॉलेजात जाईल, संध्याकाळी घरी येईल. त्याने तिच्या खोलीच्या खिडकीची फट बुजवली. तिच्यासाठी जुनी, पण बर्फात चालेल अशी गाडी बघून ठेवली. रविवारी तो स्वतः तव्यावर कुट्टूच्या पिठाच्या पातळ पोळ्या घालू लागला, जानीन घालायची तशा. पहिल्या दोन करपायच्या. एलोडीशी इतक्या मायेने तो पूर्वी कधी वागला नव्हता. दुःख तिच्या वाट्याला येणार होतं, म्हणून त्याला माया परवडत होती.

सांत्वनाचं वाक्यही त्याने ट्रकमध्ये बसून तयार केलं होतं. 'त्यांना माणूस ओळखता येत नाही, त्यात तुझा काय दोष?' पुढचा रस्ता पांढराफटक असायचा आणि तो ते मोठ्याने म्हणून बघायचा.

डिसेंबरच्या मध्यावर निकाल लागला. दुपारपासून बर्फ पडत होता आणि रोलंडला कामावर निघायचं होतं. तरी दारातला बर्फ काढून आल्यावर तो ओल्या बुटांनीच स्वयंपाकघरात थांबला. एलोडीने उभ्यानेच फोनवर निकाल उघडला. ती वाचत राहिली. तिचे खांदे एकदम खाली आले. रोलंडने पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्यांना माणूस ओळखता..."

"घेतलं मला," एलोडी म्हणाली.

त्याचा हात खांद्यावर तसाच राहिला. काढावा की दाबावा, हे त्याला सुचेना. बाहेर रस्त्यावरून कुणाचा तरी ट्रक खडखडत गेला. चेहऱ्यावर काहीतरी आणायला हवं होतं, आणि लवकर आणायला हवं होतं.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

एलोडीने फोन टेबलावर पालथा ठेवला. मग त्याचा हात हलकेच खांद्यावरून काढला, पण सोडला नाही.

"नव्हतं वाटलं तुला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

रोलंड खुर्चीवर बसला. बुटांखालचं पाणी फरशीवर पसरत होतं. तो म्हणाला की मिसेस हॅस्केल यांनीच सांगितलं होतं, आशा नाही म्हणून. दोनदा विचारलं होतं त्याने.

"मीच बोलायला लावलं होतं त्यांना, पापा," एलोडी म्हणाली. "म्हटलं, माझ्या पापाशी फक्त मार्कांचं बोला. थोडी जरी आशा आहे म्हणालात, तर तो सही करायचा नाही."