सैल पाणी

अण्णांनी नातीच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवली. हात काढेपर्यंत ती वाळली, कपाळ तापलेलंच राहिलं.

“आजोबा, पाणी बिघडलं का?” मुक्ताने क्षीण आवाजात विचारलं.

“पाण्याचे कण पूर्वी एकमेकांना घट्ट धरून असायचे, बाळा. सुटताना ते अंगातली उष्णता ओढून न्यायचे. कारखान्यांना वाफ स्वस्तात हवी होती, म्हणून नदीच्या पाण्याची ती पकडच सैल केली. आता ते फारशी उष्णता न घेताच उडून जातात.”

“अण्णा, पुरे तुमची शाळा!” सून यशोदा करवादली आणि एकदम हसली. “बघा, घाम फुटला! आता उतरेल ताप.”

मुक्ताच्या मानेवरचा घाम बघता बघता नाहीसा झाला, मान तापलेलीच राहिली. तोही नदीच्याच पाण्याचा होता. अण्णांना ते सुनेला सांगवेना.