सर आले

घानाहून अमेरिकेतल्या हायस्कुलात आलेल्या एसी नावाच्या मुलीला मैत्रिणी अगदी फुकटात मिळणार होत्या. तिने फक्त बसून राहायचं होतं. पण नोवाक सर वर्गात शिरले की घानातल्या शाळेच्या सवयीने तिचे पाय आपोआप सरळ व्हायचे, ती उठून उभी राहायची आणि सगळा वर्ग खिदळायचा.

“अगं, राष्ट्राध्यक्ष आले की काय?” शेजारच्या डिलेनीने विचारलं.

“सर आले,” एसी म्हणाली.

“बस गं पोरी, इथे कोणी असं उठत नाही,” म्हणताना सरांचे कान लाल झाले. पुढच्या आठवड्यापासून मात्र सर भलतेच विसरभोळे झाले. कधी डस्टर, कधी चष्मा राहिला म्हणून तासाला दोनदा बाहेर जायचे आणि परत यायचे. एसी दर वेळी उठायची.

नोव्हेंबरात एकदा सर आले, तरी एसी बसूनच राहिली. डिलेनीने तिला कोपराने ढोसलं. “शिकलीस बाई एकदाची! आज जेवायला आमच्या टेबलावर ये.”

सर दारातच घुटमळले. “चष्मा राहिला वाटतं,” असं पुटपुटत मागे फिरले आणि पुन्हा आत आले.

चष्मा त्यांच्या नाकावरच होता. एसीला तो दिसला. तिने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून ठेवली.